मागचं पुसण्याआधी

कारागिरांवर लिहिणं हे माझं काम. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, एखाद्या प्रदर्शनाची पुस्तिका, जिथून बोलावणं येईल तिथे लिहिते. लेखाबरोबर माणसाचा फोटो लागतोच, आणि छायाचित्रकार सोबत नेता येईल एवढं मानधन या कामात नसतं. त्यामुळे फोटोही मीच काढते, फोनवर. फोन २०१७ सालचा आहे. मागे दोन कॅमेरे, पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चीर, बॅटरी मध्यंतरी बदलून घेतलेली. ‘आता नवा घे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण येवल्याच्या मागांवर आणि मिरजेच्या सतारीच्या दुकानांत या फोनने जे काम केलं ते पाहता मला अजून तरी तशी निकड वाटलेली नाही. पोर्ट्रेट मोड कधी वापरायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे तर मला जुन्या फोनमुळेच कळलं.

पोर्ट्रेट मोडमध्ये माणूस स्वच्छ दिसतो आणि मागचं सगळं धूसर होतं. मोठ्या कॅमेऱ्यात हे काम भिंगच करतं. त्याचं छिद्र रुंद असतं, सेन्सर मोठा असतो, त्यामुळे ठरावीक अंतरावरचं तेवढं स्पष्ट येतं आणि बाकीचं आपोआप विरघळतं. फोनचं भिंग आणि सेन्सर दोन्ही नखाएवढे. त्यात समोरच्या चेहऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळंच जवळपास सारखं स्पष्ट येतं. म्हणून फोन हिशेब करून धूसरपणा आणतो. २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये ही सोय आली आणि वर्षभरातच पंधरा हजारांच्या आसपासच्या फोनवरही पाठीमागे दोन भिंगं दिसू लागली. या दोन भिंगांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभराचं अंतर असतं. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तर बोट इकडून तिकडे सरकतं आणि मागची भिंत जागची हलत नाही. फोन नेमकं हेच मोजतो. दोन चित्रांत जे जास्त सरकलं ते जवळचं, जे कमी सरकलं ते लांबचं. त्यावरून तो अंतराचा एक नकाशा तयार करतो आणि लांबचं ते पुसट करतो. पुढे २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ ने एकाच भिंगावर हे करून दाखवलं, कारण त्याच्या प्रोग्रामला माणसाचा आकार ओळखायला शिकवलं होतं. आताचे फोन केस, चष्मा, कानातलं सगळं ओळखून कापतात. माझ्या फोनचा सारा भरवसा दोन भिंगांतल्या त्या अंतरावर.

म्हणून त्याच्या अटीही फार. उजेड कमी असला की तो पोर्ट्रेट काढायला तयार होत नाही. माणूस फार जवळ आला तर मागे सरकायला सांगतो, फार लांब गेला तर पुढे बोलावतो. माणूस हलला की कडा फाटतात. सुरुवातीला या अटी जाचक वाटत. पण एकेक अट पाळत गेले तसं लक्षात आलं की चांगल्या व्यक्तिचित्राच्या अटीही याच आहेत. उजेड हवा म्हणून मी कारागिराला आतल्या अंधाऱ्या खोलीतून उंबरठ्याशी बसवू लागले. तोंड दाराकडे, पण पूर्ण समोर नाही. उजेड एका गालावरून यावा इतपत तिरकं. आतली ट्यूबलाइट बंद. नाहीतर एका बाजूने दिवसाचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूने ट्यूबचा हिरवट, असा चेहरा दोन रंगांचा दिसतो. दुसरा गाल फारच काळवंडला तर थर्माकोलचा पांढरा तुकडा नाहीतर घरातलं धुतलेलं पांढरं धोतर कोणाला तरी धरायला सांगायचं. एवढं केलं की फोन कुरकुर करत नाही आणि चेहऱ्याला गोलाई येते.

मागे सरकण्याचाही फायदाच झाला. पोर्ट्रेटसाठी माझा फोन दुसरं, जवळ आणणारं भिंग वापरतो. त्यामुळे चार-सहा फूट लांब उभं राहावं लागतं. नेहमीच्या रुंद भिंगाने तोंडाजवळ फोन नेऊन फोटो काढला की नाक मोठं येतं, कान मागे पडतात, कपाळ फुगतं. दोष भिंगापेक्षा अंतराचा असतो: नाक फोनला कानापेक्षा दीडपट जवळ येतं, म्हणून ते मोठं दिसतं. चार-सहा फुटांवरून हा फरक जवळपास मिटतो आणि माणूस घरच्यांना जसा दिसतो तसा येतो. शिवाय अनोळखी बाईने तोंडासमोर फोन धरला की साठीच्या माणसाचाही चेहरा आखडतो. तीच बाई चार पावलं मागे उभी राहून विचारपूस करत असली तर तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. मला हवा असतो तो चेहरा तोच.

या मोडची खरी परीक्षा मिरजेत झाली.

मिरजेत सतार-तानपुऱ्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचं काम मागे पडल्यावर हा व्यवसाय उचलला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपला. अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य मिरजेत होतं, त्यामुळे इथल्या कारागिरांचे कान किराणा घराण्याच्या सुरांवर तयार झाले, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे वाळके भोपळे दुकानाच्या छताला टांगलेले असतात. खाली लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेल्या दांड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध कारागीर मांडी घालून बसलेला.

मी ज्या चाचांवर लिहीत होते ते जवारी लावत होते. तानपुऱ्याची तार घोडीच्या ज्या सपाट पाठीवरून जाते, ती पाठ कानशीने केसभर घासायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायची. तारेखाली सुती धागा हळूहळू सरकवायचा आणि जिथे आवाज एकदम खुलतो, झणकार उठतो, तिथे थांबायचं. डोळे घोडीवर नव्हतेच. मान किंचित डावीकडे, नजर समोरच्या जमिनीवर आणि सगळं लक्ष कानात. उजवा अंगठा कानशीच्या टोकावर, त्याचं नख भुशाने पिवळं पडलेलं. उजेड दारातून नेमका हवा तसा येत होता. मी पोर्ट्रेट मोड लावला, फोटो काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “चेहरा झ्याक आलाय, ताई. पण तारा कुठं गेल्या?”

खरंच नव्हत्या. भोपळा होता, तबली होती, दांडीही होती. पण घोडीपासून वर खुंट्यांकडे जाणाऱ्या चारही तारा हाताच्या बाजूला अर्ध्यातच विरून गेल्या होत्या. फोनने त्यांना मागची भिंत समजून भिंतीबरोबर पुसून टाकलं होतं. कारण साधं आहे. अंतराचा नकाशा फोन अगदी बारकाईने काढत नाही. फोटोत तारेची जाडी दोन-तीन पिक्सेल. तेवढ्या बारीक रेषेचं अंतर त्याला मोजता येत नाही, मग आजूबाजूला जे आहे त्यातच तो तिला मिसळतो. चष्म्याच्या काड्या, पिकलेले भुरभुरते केस, नथीचा आकडा, सुईतला दोरा, या सगळ्यांची हीच गत होते. दंड आणि बरगड्या यांच्यामधली फटही कधीकधी माणसाचाच भाग समजून स्पष्ट ठेवली जाते.

येवल्यातही हेच, थोड्या वेगळ्या कारणाने. पैठणीचा माग म्हणजे रेशमी धाग्यांची रांगच. ताण्याचे हजारो धागे एका रंगाचे, एका जाडीचे, एकमेकांना खेटून ताणलेले. दोन चित्रांतला नेमका कोणता धागा कोणत्या धाग्याशी जुळवायचा हे फोनला ठरवता येत नाही, कारण सगळे सारखे. मग मागाचा काही भाग स्पष्ट, काही धूसर, आणि मध्ये धाग्यांवर डाग पडल्यासारखं काहीतरी. पदरावरचा मोर विणताना विणकर रंगीत रेशमाच्या बारीक कांड्या एकीतून एक गुंतवत जातो. म्हणून तर हातमागाच्या पैठणीचे काठ-पदर उलटसुलट सारखेच दिसतात. त्या कांड्या पुसून काढलेला विणकराचा फोटो काय सांगणार?

या प्रश्नानेच माझी कामाची पद्धत बदलली. मागचं धूसर करायचं कशासाठी? लक्ष माणसावर राहावं म्हणून. मागे प्लॅस्टिकच्या घागरी असतील, कपड्यांची दोरी असेल, कोणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स असेल, तर ते जरूर पुसावं. पण कारागिराच्या मागे त्याचा माग असतो, त्याचे भोपळे असतात, वडिलांनी वापरलेला रंधा खिळ्याला अडकवलेला असतो. ती नुसती पार्श्वभूमी नाही, त्याचं आयुष्य तिथे आहे. ते पुसून उरतो तो एक चांगला दिसणारा म्हातारा चेहरा, जो कुठल्याही गावातल्या कुठल्याही ओसरीवर सापडेल. वर्तमानपत्रांतून, पुस्तिकांतून असे चेहरे हल्ली फार दिसतात. सुरकुत्या स्पष्ट, मागे मऊ काळोख, आणि खाली ‘ग्रामीण कारागीर’ एवढीच ओळख. मला हे मनापासून खटकतं. माणसाला त्याच्या कामापासून तोडून सुंदर करण्यात त्याचा मान नाही.

म्हणून आता मी प्रत्येकाचे दोन प्रकारचे फोटो काढते. एक पोर्ट्रेट मोडमध्ये, फक्त चेहऱ्याचा, हात आणि हत्यारं चौकटीबाहेर ठेवून. लेखाच्या सुरुवातीला छोट्या चौकटीत तो चांगला बसतो. दुसरा तेच जवळ आणणारं भिंग वापरून, पण पोर्ट्रेट मोड बंद ठेवून, कामासकट. मोठा छापायचा तो दुसराच. संपादकांना तसं मी आधीच कळवते.

या दुसऱ्या फोटोत मागचं थोडं शांत करायचं असेल तर ते नंतर, माझ्या हाताने. त्यासाठी स्नॅपसीड हे ॲप मी वापरते. निक सॉफ्टवेअर या कंपनीने ते बनवलं, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली, आणि त्यानंतर ॲप फुकट झालं, बिनजाहिरातीचं राहिलं. जुन्या फोनवरही ते अडखळत नाही. त्यात ‘लेन्स ब्लर’ नावाचं साधन आहे. कुठला भाग स्पष्ट राहील त्याचा लंबगोल आपण बोटांनी ठरवतो, बाकीचं किती धूसर करायचं तेही आपणच. पण खरी किमया पुढची आहे. केलेल्या बदलांची यादी उघडून त्यातल्या एखाद्या बदलावर ब्रश घेता येतो आणि तो बदल फोटोच्या हव्या त्या भागालाच, शून्यापासून शंभरपर्यंत ठरावीक टप्प्यांनी लावता येतो. चाचांच्या फोटोत मी असंच केलं. धूसरपणा फक्त दाराबाहेरच्या रस्त्याला पूर्ण लावला, टांगलेल्या भोपळ्यांना पाव हिश्शाने आणि तारांना अजिबात नाही. तारांजवळ बोट फिरवताना चित्र पुरेसं मोठं करून घ्यावं लागतं, वेळ जातो. पण प्रत्येक तार मी स्वतः जागेवर ठेवली याचं समाधान फार मोठं आहे.

त्याच ॲपमध्ये त्वचा गुळगुळीत करण्याचीही सोय आहे. कारागिराच्या चेहऱ्यावर मी ती वापरत नाही, आणि फोनच्या कॅमेऱ्यातला चेहरा ‘सुंदर’ करणारा पर्यायही कायमचा बंद आहे. मात्र एखाद्या मावशींनी स्वतःहून सांगितलं की गालावरचा डाग नको, तर तो काढते. चेहरा त्यांचा, डागही त्यांचा. हट्ट धरणारी मी कोण? पण न विचारता कोणाच्या सुरकुत्या घालवणं मला उद्धटपणाचं वाटतं.

आणखी एका ॲपचे उपकार या कामात मोठे आहेत. कारागिराच्या घरी भिंतीवर हमखास एक तसबीर असते. वडील, आजोबा, कधी एखाद्या मोठ्या गवयासोबत गुरू. वर काच, काचेला हार. तसबीर उतरवून काच काढायला सांगणं प्रशस्त वाटत नाही, आणि तशीच टिपली तर काचेत माझंच प्रतिबिंब येतं किंवा खिडकीची चकाकी. गूगलचं फोटोस्कॅन हे २०१६ मधलं ॲप इथे कामी येतं. आधी एक फोटो काढायचा, मग पडद्यावर उमटलेल्या चार ठिपक्यांवर एकेक करून फोन न्यायचा. प्रत्येक वेळी चकाकी वेगळ्या जागी पडते. मग ॲप त्या चित्रांतले स्वच्छ भाग जुळवून बिनचकाकीचं एक चित्र बनवतं आणि वाकड्या कडाही सरळ करतं. यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, हात स्थिर हवा आणि दोन मिनिटांचा धीर. अशा रीतीने उतरवलेला वडिलांचा फोटो मी नंतर छापून त्या घरी पाठवते. एका घरी तर मूळ फोटोला वाळवी लागली होती आणि तो फोटो आता त्या प्रतीतच उरला आहे.

लिहिण्यासाठी वेगळं काही लागत नाही. बोलणं साध्या रेकॉर्डरवर घेते. परतीच्या एस.टी.त ठळक मुद्दे जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या मराठी आवाजी टंकलेखनाने नोंदवते. २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आणखी काही भारतीय भाषांना ही सोय दिली, तेव्हापासून बोटांचा त्रास पुष्कळ कमी झाला. धंद्यातले शब्द मात्र त्याला उमगत नाहीत. ‘जवारी’ म्हटलं की तो ‘ज्वारी’ लिहितो. ते हाताने दुरुस्त करायचं. प्रत्येक फोटोमागचं नाव, गाव, तारीख, हत्यारांची नावं आणि फोटो छापायला परवानगी दिली का, हे त्याच दिवशी टिपून ठेवायचं, कारण उद्यावर ढकललं की हत्याराचं नाव पहिलं विसरलं जातं.

जुना फोन वापरणाऱ्यांनी काही गोष्टी मात्र पाळायलाच हव्यात. अशा फोनला सुरक्षेची अपडेट्स येणं कधीच थांबलेलं असतं. म्हणून बँकेचं आणि पैसे पाठवण्याचं कुठलंही ॲप मी त्यावर ठेवत नाही. ते घरातल्या दुसऱ्या फोनवर. कुठून तरी उतरवलेली कॅमेऱ्याची ॲप्सही टाकत नाही. अधिकृत दुकानात मिळणारं ‘ओपन कॅमेरा’ पुरेसं आहे. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्यात उजेड कमी-जास्त करणं हाताशी असतं. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर फोटो ओटीजी केबलने पेन ड्राइव्हवर उतरवते. फोन भरला की तो संथ होतो आणि लोक म्हणतात फोन म्हातारा झाला. बहुतेकदा त्याला फक्त मोकळी जागा हवी असते. भिंगावरचं बोटाचं तेल आणि भुसा सुती कापडाने पुसणं ही तर सगळ्यांत स्वस्त सुधारणा.

आणि संपादकांना फोटो पाठवायचा तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. माझ्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. छपाईच्या तीनशे डीपीआयने तो तेरा इंच लांब छापता येतो, म्हणजे दिवाळी अंकाच्या पानाला पुरून उरतो. नेहमीसारखा चॅटमध्ये टाकला की त्याची लांबी आक्रसून सोळाशे पिक्सेलच्या आसपास येते आणि छापील पानावर पाच इंचांच्या पुढे तो फुटतो. कित्येक लेखांतले फोटो खराब छापले जातात ते फोनमुळे नाही, या शेवटच्या पायरीमुळे.

चाचांचा फोटो अंकात अर्ध्या पानावर आला, चारही तारांसकट. अंक हातात पडल्यावर त्यांनी आधी स्वतःच्या चेह‍ऱ्याकडे पाहिलं नाही. तारांवरून बोट फिरवत ते घोडीपर्यंत आले आणि म्हणाले, “धागा दिसतोय. आता बरोबर.” तारेखालचा तो सुती धागा माझ्या नजरेतून सुटला होता. तो दिसावा असं त्यांना वाटत होतं, आणि फोटोत तो होता.

तुमच्या गावातही कोणी घोंगडी विणत असेल, कोणी ढोलकी मढवत असेल, कोणी पितळी भांड्यांना कल्हई करत असेल. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात ते काम पुढे करणारं कोणी नाही. खिशात आहे तोच फोन घेऊन त्यांच्याकडे जा. आधी त्यांना विचारा, उजेडात बसवा, आणि मागचं पुसण्याआधी मागे काय आहे ते नीट पाहा. फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव लिहा आणि एक छापील प्रत त्यांच्या घरी पोचवा.